ल्युपसची गर्भवती आणि मॉडेलमधला रिकामा रकाना: कणकवलीतलं एक प्रकरण

ही नोंद पेशंटच्या परवानगीने लिहिते आहे. गरोदरपणातला धोका सांगणारं संगणकाचं एक मॉडेल या केसमध्ये वापरून पाहिलं, त्याचीही ही गोष्ट आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पेशंट २७ वर्षांची, देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. नवऱ्याची स्वतःची लहान यांत्रिक होडी. लग्नानंतरचं पहिलं बाळ एकोणिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. त्या वेळच्या सोनोग्राफीत व्यंग दिसलं नव्हतं आणि बाळ का गेलं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी सांधे धरले, केस गळायला लागले, गालांवर चट्टे आले, पाय सुजले, आणि तपासण्यांअंती ल्युपस निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत चौथ्या वर्गाची सूज होती. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) आणि स्टिरॉइडवर ती सावरली. मूल हवं म्हटल्यावर मुंबईच्या संधिवाततज्ज्ञांनी मायकोफेनोलेट थांबवून अॅझाथायोप्रिन सुरू केलं, कारण मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं आणि दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद असावं लागतं. त्यानंतर वर्षभर आजार शांत होता. आजार किमान सहा महिने शांत असावा आणि मगच मुलाचा विचार करावा, हा ल्युपसमधला नियम तिने पाळला होता. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

माझ्याकडे कणकवलीला ती जुलैच्या सुरुवातीला आली तेव्हा नववा आठवडा चालू होता. मासेमारी बंद असल्यामुळे नवरा घरी होता, तोही आला, आणि सासूही. बीपी ११८/७६, वजन ४८ किलो, प्लेटलेट १ लाख ६५ हजार. लघवीतल्या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण ०.३, म्हणजे काठावर. अँटी-रो, म्हणजे बाळाच्या हृदयाला बाधू शकणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. सी३ (ल्युपस उसळला की रक्तात घसरणारं प्रथिन) रिपोर्टप्रमाणे नॉर्मल, पण अगदी तळाला टेकलेलं. गरोदरपणात सी३ आणि सी४ एरवी वाढतात, त्यामुळे असा 'नॉर्मल' मी डोळे मिटून नॉर्मल धरत नाही.

प्रिस्क्रिप्शनवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम, रोज एक; ल्युपस आटोक्यात ठेवणारी ही गोळी. पिशवीतून गोळ्या बाहेर काढायला सांगितल्या तर ती स्ट्रिप जवळजवळ भरलेली. दिवस राहिल्याचं कळल्यापासून तिने ती गोळी सोडली होती. "पोटात पोर आसताना गोळी कित्याक?" सासूने सरळ विचारलं. माहिती अपुरी होती, पण तर्क बिनचूक होता: एक औषध बाळासाठी म्हणून डॉक्टरांनीच बंद केलं, मग हे दुसरं कसं चालेल? मी सासूलाच समोर बसवून समजावलं की ही गोळी बाळाला धोका करत नाही, ती बंद झाली तर आजार उसळतो आणि मग बाळाला धोका होतो. या औषधाचं अर्धायुष्य सुमारे ४० दिवसांचं आहे, त्यामुळे मधल्या खंडात सगळंच वाया गेलं नव्हतं. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे सात महिने ती चुकली नाही, याचं श्रेय मी सासूला देते.

आता मॉडेलकडे वळते.

मुंबईतल्या त्या संधिवाततज्ज्ञांच्या विभागात एक निवासी डॉक्टर आणि एक संगणक अभियंता मुलगी मिळून ल्युपसच्या गर्भवतींच्या जुन्या केसपेपरांवर काम करत होते. वय, बीपी, प्लेटलेट, लघवीतलं प्रोटीन, अँटीबॉडी, औषधं, आधीची गरोदरपणं असे रकाने भरायचे आणि मॉडेलने पुढच्या गुंतागुंतीची शक्यता सांगायची. गुंतागुंत म्हणजे पोटात बाळ जाणं, वार नीट काम न केल्यामुळे किंवा बीपीमुळे ३६ आठवड्यांच्या आत बाळंत करावं लागणं, बाळाची वाढ फारच खुंटणं, किंवा जन्मल्यावर बाळ दगावणं. मॉडेल अजून उपचार ठरवण्यासाठी वापरात नव्हतं. बाहेरच्या पेशंटवर ते कसं चालतं हे त्यांना पाहायचं होतं आणि मला उत्सुकता होती. आम्ही फोनवरून रकाने भरले. उत्तर आलं: शंभरात दहाच्याही खाली. कमी धोका.

मला ते पटेना. एकोणिसाव्या आठवड्यात गेलेलं धडधाकट बाळ आणि मूत्रपिंडाचा जुना आजार, एवढं समोर असताना दहाच्या खाली?

या विषयात सगळे ज्याचा आधार घेतात तो अभ्यास म्हणजे अमेरिका आणि कॅनडातला प्रॉमिस. त्यात ल्युपसच्या ३८५ गर्भवती होत्या आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १९ टक्के बायकांना वर सांगितल्यासारखी गुंतागुंत झाली, म्हणजे बहुतेकींचं नीट पार पडलं. हे पेशंटला मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे ल्युपस म्हटलं की 'मूल नकोच' असा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. ज्यांना त्रास झाला त्यांच्यात आधीपासून दिसणाऱ्या खुणा चार-पाचच होत्या: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह असणं (रक्तात गुठळ्या करणाऱ्या आणि वारेला बाधणाऱ्या अँटीबॉडींची ही तपासणी), बीपीच्या गोळ्या चालू असणं, आजार पुरता शांत नसणं, प्लेटलेट कमी असणं, आणि गोऱ्या वंशाची नसणं. यांत पहिली खूण सगळ्यांत जड. यांतली एकही खूण नसलेल्यांत त्रासाचं प्रमाण ७.८ टक्के होतं. अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह असलेल्या, किंवा ते निगेटिव्ह असलं तरी गोऱ्या नसून बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या, अशांच्या गटात ते ५८ टक्क्यांवर गेलं.

याच ३८५ बायकांच्या माहितीवर २०२२ साली मशीन लर्निंगच्या पद्धती लावून पाहिल्या गेल्या. रँडम फॉरेस्ट, सपोर्ट व्हेक्टर मशीन, न्यूरल नेटवर्क, आणि या सगळ्यांचा मेळ घालणारी सुपरलर्नर नावाची पद्धत. चांगल्यांतल्या चांगल्या पद्धतीचा एयूसी ०.७८ च्या आसपास थांबला. त्याचा अर्थ असा, की पुढे त्रास झालेली एक आणि न झालेली एक अशा कुठल्याही दोघी घेतल्या, तर शंभरातल्या साधारण ७८ जोड्यांत मॉडेल पहिलीला जास्त धोका दाखवतं. साधं सांख्यिकी समीकरणही, निवडक घटक ठेवून मांडलं तर, जवळपास तिथंच पोचत होतं. नव्या पद्धतीचं नाव ऐकून भारावून जाणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा असं मला वाटतं. अडचण गणिताच्या ताकदीची कमी आणि रकान्यात काय भरलंय याची जास्त.

आणखी एक. प्रॉमिसमध्ये सगळ्या बायका घेतल्याच नव्हत्या. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅमहून जास्त लागणाऱ्या, लघवीतून बरंच प्रोटीन जाणाऱ्या, क्रिएटिनिन १.२ च्या वर असलेल्या वगळल्या होत्या. शिवाय सगळ्या पहिल्या तीन महिन्यांतच नोंदल्या गेलेल्या. माझी पेशंट त्या चाळणीतून पार झाली असती. पण माझ्याकडे सातव्या महिन्यात पहिल्यांदा येणारी, सुजलेल्या पायांची बाई त्या गणितात कुठेच नाही, आणि तिच्यासाठी तो आकडा काढण्यात अर्थ नाही.

दहाच्या खालचा आकडा कुठून आला, हे त्या अभियंता मुलीनेच पकडलं. तिने विचारलं, "मॅडम, ल्युपस अँटिकोअॅग्युलंट निगेटिव्ह भरलंय, त्याची तारीख कुठली?" मी फाइल चाळली. तारीख नव्हती, कारण ती तपासणी कधी झालीच नव्हती. कार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या दोन अँटीबॉडी तपासल्या होत्या, दोन्ही निगेटिव्ह, आणि कुणीतरी फाइलच्या पहिल्या पानावर 'एपीएल निगेटिव्ह' असा एकच शेरा मारला होता; एपीएल हे या दोन आणि अँटिकोअॅग्युलंट अशा तिन्हींचं मिळून नाव. तोच शेरा प्रत्येक नव्या कागदावर उतरत गेला आणि शेवटी मॉडेलच्या रकान्यात जाऊन बसला. गर्भाला असलेला धोका सांगण्यात या दोन अँटीबॉडी अँटिकोअॅग्युलंटची जागा घेऊ शकत नाहीत, हेही प्रॉमिसमधूनच पुढे आलेलं आहे.

ही तपासणी का झाली नव्हती हे मला विचारायची गरज नव्हती. कार्डिओलिपिनसाठी साधं सीरम लागतं. कुरिअरने कोल्हापूरला गेलं तरी चालतं. अँटिकोअॅग्युलंटचं तसं नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त बरोबर खुणेपर्यंत घ्यायचं, चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा काढायचा, एकदा फिरवून वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचा, तळाला हात न लावता फक्त वरचा भाग उचलायचा, आणि मगच गोठवायचा. दुसऱ्यांदा फिरवलं नाही तर प्लाझ्मात प्लेटलेट उरतात, गोठवून वितळवताना त्या फुटतात, त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड बाहेर येतं आणि जी अँटीबॉडी शोधायची तिलाच ते झाकून टाकतं. रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणजे देवगडहून बर्फाच्या डब्यात घालून घाटावर पाठवलेला नमुना न पाठवण्यापेक्षा वाईट, कारण त्याचं उत्तर खोटं दिलासा देणारं येण्याचीच शक्यता जास्त.

मग आम्ही रकान्यातलं 'निगेटिव्ह' पुसून तो रिकामा ठेवला. माझी अपेक्षा होती की धोका वाढेल. तो किंचित कमी झाला!

मला हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. मॉडेल ग्रेडियंट बूस्टिंगचं होतं. त्यात एकामागून एक निर्णयांची झाडं बांधलेली असतात, आणि एखादी माहिती नसेल तर कोणत्या फांदीवर जायचं हे मॉडेल शिकतानाच, जुन्या केस बघून, ठरवून ठेवतं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हा रकाना रिकामा कुणाचा राहिला होता? जिचा आजार सौम्य, मूत्रपिंड ठीक, आधीचं बाळंतपण सुखरूप, आणि म्हणून डॉक्टरला तपासणीची गरज वाटली नाही, तिचा. मॉडेलने त्यातून शिकलं: रिकामा रकाना म्हणजे बरी बाई. इथं किनाऱ्यावर रकाना रिकामा राहतो तो बाई लांब राहते म्हणून. कागदावर दोन्ही रकाने सारखेच कोरे. माहिती नसण्याचं कारणच वेगळं असेल, तर तिकडे शिकलेलं इकडे उलटं लागू होतं, आणि कितीही झाडं बांधली तरी हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

त्या मुलीने पुढे जे केलं ते मात्र मॉडेलशिवाय इतकं स्पष्ट दिसलं नसतं. तिने बाकीचं सगळं तसंच ठेवून एकेक तपासणी आलटून पालटून भरली. सी३ कमी केलं, डीएस-डीएनए (आजार उसळला की वाढणारी अँटीबॉडी) वाढवलं, प्रोटीन दुप्पट केलं. आकडा थोडाफार हलला. अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह केलं आणि तो थेट चाळीसच्या वर गेला. यातला कुठलाच आकडा मी पेशंटच्या कागदावर लिहिला नाही. पण कुठल्या एका तपासणीसाठी मुंबईला जायचं, हे ठरलं. लांबच्या पेशंटला आपण "एकदा सगळं करून या" म्हणतो, आणि त्या 'सगळं'मध्ये किती पैसे आणि किती रजा जातात याचा हिशेब आपण करत नाही.

"मॅडम, मुंबयक जावकच होया?" नवऱ्याचा प्रश्न. बंदी ३१ जुलैला उठणार होती आणि होडीची डागडुजी चालली होती. मी म्हटलं, एकदाच, आणि गुठळ्या होऊ न देणारं हेपरिनचं इंजेक्शन सुरू करायची वेळ आली तर त्याच्या आधी. हेपरिन सुरू झालं की ही तपासणी बिघडते, म्हणून आधी नमुना आणि मग सुई, हा क्रम सोडता येत नव्हता. डोंबिवलीला नणंद होती. कोकणातल्या घराला मुंबईत कुणी नाही असं सहसा होत नाही, आणि आपली अर्धी आरोग्यव्यवस्था या चाकरमानी नातेवाइकांच्या खोल्यांवर चालते. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी रक्त, दुसऱ्या दिवशी परत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

हा रिपोर्ट पक्का धरायला बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं, पण गरोदर बाईला बारा आठवडे थांबवता येत नाही. आधीचं बाळ दहाव्या आठवड्यानंतर, व्यंग नसताना गेलेलं, त्यात हा रिपोर्ट. बाराव्या आठवड्यापासून रात्री अॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम आणि रोज एनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच एक प्रकार) ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, असं संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने सुरू केलं. ही दीडशेची मात्रा २०१७ च्या अॅस्प्रे चाचणीतली आहे. त्यात जास्त धोक्याच्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं (वारेच्या दोषातून बीपी वाढण्याच्या विकाराचं) प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं होतं. आपल्याकडे ७५ च्या दोन गोळ्या देऊन ते भागतं. इंजेक्शनचा प्रश्न मोठा होता. नवरा रात्री समुद्रावर, उपकेंद्र लांब. रोज सुरमई कापणाऱ्या हाताला सुईचं काय, म्हणत ती स्वतःच शिकली: पोटावर चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, दाबून झाल्यावर दहापर्यंत मोजून मगच काढायची, आणि चोळायचं नाही. आशाताई आठवड्यातून एकदा रिकाम्या सिरिंज मोजायची.

माता-बाल कार्डावर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं लाल, म्हणजे जास्त धोक्याचं, स्टिकर लागलं. अँटी-रोमुळे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणं भाग होतं. या अँटीबॉडीमुळे बाळाला हार्ट ब्लॉक (ठोके फार मंदावणं) होण्याची शक्यता पहिल्या वेळी साधारण दोन टक्के असते आणि सोळा ते सव्वीस आठवड्यांचा काळ त्यात जोखमीचा. गर्भाची इको जवळ होत नाही. गणपतीच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, अशा दोन इको कोल्हापूरला जमल्या. फोंडा घाटातून, पावसात. दोन्ही नीट. मधल्या दिवसांत दर आठवड्याला गावातच डॉपलरने ठोके ऐकले, याहून जास्त काही करता आलं नाही.

डिसेंबरात, बत्तिसाव्या आठवड्यात, बीपी १४४/९२ आणि प्रोटीनचं प्रमाण ०.९. ल्युपसच्या बाईत इथे खरी कोंडी होते. मूत्रपिंडाचा आजार उसळला असेल तर स्टिरॉइड वाढवायचं. प्रीएक्लॅम्प्सिया असेल तर बाळंतपणाची तयारी करायची. डीएस-डीएनए वाढलं नव्हतं, सी३ घसरलं नव्हतं, लघवीत लाल पेशींचे साचे नव्हते. मुंबईला पाठवलेल्या सीरममध्ये एसफ्लिट-वन आणि पीएलजीएफ या वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर ८५ च्या वर आलं. हे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल तर पुढचा आठवडा बहुतेक निर्धास्त जातो. इतकं वर गेलं की दोष वारेचा धरायचा. मुंबईचं मॉडेल पहिल्या तीन महिन्यांतल्या माहितीवर बेतलेलं, त्याला यातलं काहीच विचारता येत नव्हतं.

मला त्या वेळी ज्या रकान्याची गरज होती तो त्यात आधीही नव्हता: घरापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत किती तास. मुंबईतल्या बाईला चाळीस टक्के धोका असेल तर ती घरी राहून आठवड्याला दोनदा दाखवू शकते. देवगडच्या बाईला वीस टक्के असला तरी तिला हलवावं लागतं. शिवाय एनॉक्सापॅरिन घेतल्यावर बारा तास तरी कमरेतून भूल देता येत नाही, त्यामुळे रात्री अचानक निघून जिथं मिळेल तिथं सिझेरियन हा पर्याय तिच्यासाठी नव्हताच. बीपीसाठी लॅबेटालॉल सुरू केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन दिलं आणि एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) व रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयाजवळ तिला आत्याकडे ठेवलं. सासू सोबत गेली. होडी महिनाभर भाच्याने चालवली.

पस्तीस आठवडे आणि पाच दिवसांवर प्लेटलेट एक लाखाखाली आल्या, बीपी आवरेना, आणि ठरवून सिझेरियन झालं. मुलगी, १ किलो ९०० ग्रॅम. काही दिवस एसएनसीयूत राहिली, श्वासाला आधार लागला नाही, दूध नळीने आणि मग वाटी-चमच्याने. आईचं बीपी दोन आठवड्यांत उतरलं. एनॉक्सापॅरिन बाळंतपणानंतर सहा आठवडे चालू ठेवलं.

मग मुंबईहून त्या मुलीचा फोन आला: निकालाच्या रकान्यात काय भरू? व्याख्येप्रमाणे ३६ आठवड्यांच्या आत, बीपीमुळे; म्हणजे 'गुंतागुंत: होय'. दोन दिवसांनी बाळंतपण झालं असतं तर तीच बाई 'नाही'मध्ये गेली असती. निवासी डॉक्टरचं म्हणणं, व्याख्या म्हणजे व्याख्या. माझं म्हणणं, 'होय' लिहा, माझी हरकत नाही, पण ही बाई अॅस्पिरिन आणि हेपरिनवर होती आणि तिला वेळेवर हलवलं होतं हे मॉडेलला कुठून कळणार? उपचारामुळे टळलेलं संकट मॉडेलला संकट नव्हतंच असं दिसतं, आणि मग ते पुढच्या पॉझिटिव्ह बाईला कमी धोका दाखवू लागतं. यावर बराच वाद झाला. शेवटी 'होय' भरलं, आणि तीन गोष्टी वेगळ्या नोंदवायचं ठरलं: कोणते उपचार कोणत्या आठवड्यापासून, बाळंतपण आपोआप झालं की डॉक्टरांनी ठरवून, आणि प्रत्येक तपासणीसमोर 'निगेटिव्ह' व 'केलेली नाही' असे दोन स्वतंत्र पर्याय, 'केलेली नाही'च्या पुढे कारण. तासांचा रकाना मी मागितला. तो त्यांनी घेतला, पण मुंबईच्या जुन्या केसपेपरांत ती माहितीच नाही, त्यामुळे मॉडेलला त्यातून शिकायला निदान काही वर्षं लागतील.

हेपरिन थांबल्यावर, मुलगी तीन महिन्यांची असताना, अँटिकोअॅग्युलंटचा दुसरा नमुना मुंबईत दिला. तोही पॉझिटिव्ह आहे. त्यामुळे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिला चालणार नाहीत. तिने तांबी बसवून घेतली आहे. 'एपीएल निगेटिव्ह' हा शेरा फाइलच्या पहिल्या पानावर खोडून, तारखेसह नवा शेरा लिहिला आहे, आणि त्याची एक प्रत माता-बाल कार्डात चिकटवली आहे.